करता येते, पण सांगता येते का?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



घरातल्या साध्या वस्तूंपासून एखादे शिल्प कसे उभारावे, हे दुसऱ्याला समजेल अशा स्पष्ट शब्दांत लिहिणे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून काही पालकांना वाटेल की, हा तर कार्यानुभवाच्या तासाचा खेळ झाला. एवढ्या मोठ्या मेळाव्यात त्यावर काय बोलायचे? परंतु या खेळात आपल्या मुलांच्या शिक्षणाचा एक फार महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे, असे माझे नम्र मत आहे. तो प्रश्न आपल्यापुढे मांडण्याची मी परवानगी घेतो.

आपल्या वस्तीतील मुलांच्या हातांत कसब आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. मोमिनपुऱ्यात एके काळी घरोघरी हातमागाचा आवाज ऐकू येत असे. आज कोणाचे वडील शिलाईचे काम करतात, कोणाचे गॅरेज आहे, कोणी वेल्डिंग करतो, कोणी कूलर आणि पंखे दुरुस्त करतो. आठवीतला मुलगा सायकलचे पंक्चर बघता बघता काढतो. सातवीतली मुलगी आईच्या शेजारी बसून कुर्त्याचे कापड बेतते. हे सारे ज्ञानच आहे. पण ते हातात आहे, कागदावर नाही.

याचा परिणाम कुठे दिसतो? विज्ञानाच्या प्रात्यक्षिक वहीत दिसतो. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान अशी त्या वहीची मांडणी असते. ज्या मुलाने सर्वांच्या आधी उपकरण जोडले, त्याच मुलाच्या वहीत 'कृती' या शीर्षकाखाली दोन ओळी असतात: 'सर्व साहित्य घेतले. सरांनी सांगितल्याप्रमाणे प्रयोग केला.' गुण मात्र जातात ते शेजारच्या मुलाला, ज्याने उपकरणाला हातही लावला नसेल, पण ज्याला चार वाक्ये क्रमाने लिहिता येतात. पुढे आयटीआयमध्ये, कारखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत हेच घडते. काम येते, पण सांगता येत नाही म्हणून माणूस मागे राहतो. यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. त्याच्या हातातून कागदावर येण्याची वाट आपण त्याला दाखवलेली नाही, एवढेच.

या ठिकाणी आपल्या शेजारच्या वर्ध्याची आठवण होणे साहजिक आहे. दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन होते, जे पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया असावा, असा त्या योजनेचा गाभा होता. सूत कातता कातता गणित, भूगोल आणि भाषा शिकावी, ही कल्पना होती. ती योजना किती यशस्वी झाली, हा वेगळा विषय. पण हाताचे काम आणि भाषा यांची गाठ घातली पाहिजे, हा तिचा विचार आजही शाळेत उपयोगी पडतो. तो एका छोट्या उपक्रमातून कसा आणता येतो, ते मी आता सांगतो.

आपण सर्वांनी सिव्हिल लाईन्समधला शून्य मैलाचा दगड, म्हणजेच झिरो माईल, पाहिला आहे. वालुकाश्माचा खांब, सहा बाजूंचा चौथरा आणि चार घोडे. चौथऱ्यावर जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, हैदराबाद अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. आठवीच्या वर्गात मी मुलांना सांगितले, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून या स्मारकाचे छोटे शिल्प करा. वर्गाचे दोन भाग केले. पहिल्या भागाने शिल्प करायचे आणि त्याची कृती लिहायची. दुसऱ्या भागाने ते शिल्प न पाहता, केवळ लिहिलेले वाचून तसेच शिल्प उभारायचे. लिहिणाऱ्यांनी समोर बसायचे, पण तोंडातून शब्द काढायचा नाही.

पहिल्या भागाचे शिल्प सुरेख झाले. आगपेट्यांचा चौथरा, पावडरच्या रिकाम्या डब्याचा खांब, पुठ्ठ्याचे घोडे आणि त्यांना पाय म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे. त्यांनी लिहिलेली कृती अशी होती: 'सहा आगपेट्या उभ्या ठेवून गोल करा. मग नीट चिकटवा. त्यावर डबा ठेवा. बाजूला घोडे लावा.'

लिहिणाऱ्यांना यात काहीच कमी वाटले नाही. वाचणाऱ्यांच्या चार गटांनी मात्र चार वेगवेगळी शिल्पे केली. आगपेटी 'उभी' ठेवायची म्हणजे कशी? तिला तीन प्रकारच्या बाजू असतात. एक मोठी, जिच्यावर चित्र छापलेले असते. दुसरी लांबट आणि अरुंद, जिच्यावर काडी ओढतात. तिसरी सर्वांत लहान, जिथून आतला खण बाहेर येतो. एका गटाने पेट्या लहान बाजूवर उभ्या केल्या, त्या धक्का लागताच पडल्या. दुसऱ्या गटाने काडी ओढायच्या बाजूवर ठेवल्या. 'गोल करा' म्हणजे किती मोठा गोल, हे कोणालाच कळले नाही. एका गटाचा गोल एवढा मोठा झाला की डबा त्यातून थेट खाली बसला. दोन गटांनी काड्यांनी भरलेल्याच पेट्या चिकटवल्या, कारण त्या आधी रिकाम्या करा, असे कोठेही लिहिलेले नव्हते. समोर बसलेल्या लिहिणाऱ्या मुलांची तगमग पाहण्यासारखी होती. 'अरे, तशी नाही!' असे त्यांच्या ओठांवर येत होते, पण बोलायची बंदी होती.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी कृती पुन्हा लिहिली. तीन वेळा दुरुस्त झाल्यावर ती अशी झाली:

काय करायचे: झिरो माईलचे टेबलावर ठेवण्याजोगे छोटे शिल्प. खाली सहा बाजूंचा चौथरा, मधोमध एक खांब, भोवती चार घोडे.

साहित्य: एकाच मापाच्या ६ रिकाम्या आगपेट्या, पावडरचा १ रिकामा, उभा डबा, कपड्यांचे ८ चिमटे, जुन्या वहीचे पुठ्ठे, ४० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद जाड पुठ्ठा (नसल्यास लाकडी पाट आणि त्यावर कागद), कंपास, पट्टी, पेन्सिल, कात्री, डिंक.

१. आगपेट्यांत काड्या असतील तर आधी त्या काढून मोठ्या माणसाजवळ द्या.

२. आगपेटीची लांबी पट्टीने मोजा. ती साधारण ५ सेंटिमीटर असते. तेवढेच अंतर कंपासमध्ये घ्या.

३. जाड पुठ्ठ्याच्या मध्यावर त्या अंतराचे वर्तुळ काढा. कंपासचे अंतर न बदलता वर्तुळावर एकापुढे एक ६ खुणा करा. शेजारशेजारच्या खुणा रेघेने जोडा. आता तुमच्यासमोर सहा सारख्या बाजूंची आकृती दिसली पाहिजे. शेवटची रेघ लहान किंवा मोठी आली, तर पुन्हा काढा.

४. एका रेघेला डिंक लावा. आगपेटी काडी ओढायच्या बाजूवर उभी करून रेघेला लागून, आकृतीच्या बाहेरच्या अंगाला बसवा. चित्राची बाजू बाहेर दिसू द्या. अशाच सहाही पेट्या बसवा. अर्धा तास हात लावू नका.

५. वहीच्या पुठ्ठ्याचा १२ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापा. तो पेट्यांच्या वरच्या कडांवर डिंकाने चिकटवा. हे चौथऱ्याचे छत झाले.

६. छताच्या मध्यावर पावडरचा डबा उभा चिकटवा.

७. वहीच्या पुठ्ठ्यावर पाय नसलेल्या घोड्याचा, म्हणजे डोके, मान आणि धड यांचा, ८ सेंटिमीटर लांब आकार काढून कापा. असे ४ करा. प्रत्येकाच्या पोटाच्या कडेला २ चिमटे लावा, एक पुढे आणि एक मागे. चिमट्यांवर घोडा स्वतः उभा राहिला पाहिजे.

८. चौथऱ्याच्या चारही दिशांना एकेक घोडा ठेवा. तोंडे बाहेरच्या बाजूला करा.

ज्या घरांत सजीवांच्या आकृती करणे आवडत नाही, त्या मुलांनी घोड्यांऐवजी दिव्यांचे चार खांब केले आणि त्यांची कृती स्वतंत्रपणे लिहिली. काम अडले नाही. या वेळी चारही गटांची शिल्पे एकसारखी उभी राहिली आणि वर्गात टाळ्या पडल्या. त्या टाळ्या शिल्पासाठी नव्हत्या, लिहिणाऱ्यांसाठी होत्या.

विद्यार्थी मित्रांनो, या दोन कृतींमध्ये फरक काय, ते नीट पाहा. पहिली कृती लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांसमोरचे शिल्प पाहून लिहिली. दुसरी त्याने वाचणाऱ्याच्या रिकाम्या टेबलाकडे पाहून लिहिली. बाकीचे सर्व नियम यातूनच निघतात. शेवटी काय होणार आहे, ते आधी सांगावे. वस्तू मोजून आणि मापासह द्याव्यात आणि एखादी नसेल तर तिच्याऐवजी काय चालेल, तेही द्यावे. एका वाक्यात एकच काम सांगावे. सावधगिरीची सूचना कामाच्या आधी द्यावी, नंतर नव्हे; पेटी चिकटवल्यावर काड्या काढायला सांगून काय उपयोग? मधूनमधून 'आता असे दिसले पाहिजे' असे लिहावे, म्हणजे चूक लगेच सापडते. एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव ठेवावे. निबंधात तोच शब्द पुन्हा आला की आम्ही शिक्षक तांबड्या शाईने रेघ मारतो. पण कृतीत 'छत', 'झाकण' आणि 'वरचा भाग' असे तीन शब्द एकाच वस्तूला वापरले, तर वाचणारा तीन वस्तू शोधत बसतो. आणि 'नीट', 'जरा', 'योग्य', 'थोडेसे' हे शब्द दिसले की तेथे थांबावे. लिहिणाऱ्याला माहीत असलेली एखादी गोष्ट सांगायची राहून गेली आहे, याची ती खूण असते.

उर्दू माध्यमाच्या मुलांना यात आणखी एक लाभ आहे. उर्दूत शब्दांची दोन लिंगे, मराठीत तीन. तो डबा, ती पेटी, ते छत. व्याकरणाच्या तासाला नपुंसकलिंग पाठ करताना मुले कंटाळतात. पण 'ते त्यावर ठेवा' असे लिहिल्यावर समोरच्या मुलाने 'काय कशावर ठेवू?' अशा नजरेने पाहिले की, सर्वनाम म्हणजे काय आणि ते कुठे टाळावे, हे एका क्षणात समजते. 'छतावर डबा ठेवा' हे वाक्य तो पुन्हा विसरत नाही. भाषा अशी कामाला लागली की ती परकी राहत नाही.

पालकहो, हे सारे मुलांच्या खेळापुरतेच आहे, असे समजू नका. इ. स. १२०६ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातील दियारबकिर येथे, अल्-जझरी नावाच्या कारागिराने एक ग्रंथ पूर्ण केला. तो तेथील दरबारात यंत्रे करीत असे. सुलतानाने त्याला सांगितले की, तू केलेली यंत्रे लिहून ठेव. त्याने ५० यंत्रांची कृती आकृत्यांसह लिहिली. हत्तीच्या आकाराचे पाण्याचे घड्याळ त्यांतलेच. त्याने केवळ यंत्राची शोभा वर्णिली नाही. भाग कसे घडवायचे आणि जोडायचे, हे सांगितले. १९७४ मध्ये डोनाल्ड हिल यांनी त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि १९७६ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यातील वर्णनावरून एक मोठे पाण्याचे घड्याळ उभारले गेले. लिहिणारा आणि करणारा यांच्यामध्ये ७७० वर्षांचे अंतर होते. अल्-जझरीला 'अरे, तशी नाही!' असे म्हणण्याची सोय नव्हती. त्याचे लिहिणेच त्याच्या वतीने बोलले. त्याच्यासारखे कुशल हात त्या काळी आणखीही असतील. ज्यांनी लिहिले नाही, त्यांचे कसब त्यांच्याबरोबर गेले. आपल्याकडचे हातमागाचे किती बारकावे असेच गेले असतील, याचा विचार आपण करावा.

आपल्या भगिनींना एक जवळचे उदाहरण देतो. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पाककृतींचे पुस्तक निघाले आणि मराठी घरांत घरोघरी पोचले. त्याचे एक कारण असे की, त्यांनी मापे वाटी आणि चमच्याने दिली. नवख्या मुलीच्या स्वयंपाकघरात जे असते, तेच माप. 'अंदाजाने घाला' हे अनुभवी गृहिणीला पुरते. नुकत्याच लग्न झालेल्या मुलीला पुरत नाही.

आणि कधी कधी यावर जीवही अवलंबून असतो. लहान मुलाला जुलाब होऊ लागले की शरीरातले पाणी आणि क्षार कमी होतात. अशा वेळी घरी करायच्या पाण्याचे प्रमाण ठरलेले आहे: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. यातला 'सपाट' हा शब्द गाळला, तर कोणी शीग लावून चमचा भरेल, आणि जास्त मीठ बाळाला घातक ठरू शकते. एका शब्दाची किंमत ही अशी असते. (सरकारी दवाखान्यात आणि आशा ताईंकडे याची तयार पाकिटे मिळतात. ती मिळत असतील तर तीच वापरावीत आणि पाकिटावरची कृती वाचूनच वापरावीत.)

शेजारच्या बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघरी जाऊन एक कोटीहून अधिक घरांतील मातांना असे पाणी करायला शिकवले. माप घरातलेच: तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. शिकवणाऱ्या कार्यकर्तीला मोबदला किती द्यायचा, हे ती किती घरांत बोलली यावर ठरत नसे. नंतर दुसरे लोक जाऊन मातेला काय आठवते आणि तिने केलेले पाणी बरोबर आहे का, हे तपासत आणि त्यावर मोबदला ठरे. सांगणाऱ्याची परीक्षा ऐकणाऱ्याच्या हातात होते, हाच आमच्या वर्गातला नियम तेथे एका मोठ्या कामात वापरला गेला.

आता माझ्या पालक बंधू-भगिनींना दोन विनंत्या. पहिली, आज मुले मोबाईलवर पाहून पुष्कळ वस्तू करतात. त्याला माझा विरोध नाही. पण पाहून केल्यावर त्यांना म्हणा, 'आता हे तुझ्या खालाला किंवा चाचाला चिठ्ठीत लिहून कळव, चित्र न पाठवता.' दुसरी विनंती अधिक महत्त्वाची आहे. आपल्या धंद्यातले एखादे काम मुलाला सांगा आणि त्याच्याकडून लिहून घ्या. पंख्याचा कंडेन्सर कसा बदलायचा, मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा, सायकलची चेन कशी चढवायची. सुरुवातीला वीज कशी बंद करायची, सुईपासून बोट कसे सांभाळायचे, हेही त्यात येऊ द्या. ज्या पालकांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनी तर हे अवश्य करावे. त्यांनी बोलावे, मुलाने लिहावे, मग मुलाने वाचून दाखवावे आणि त्यांनी म्हणावे, 'इथे एक गोष्ट राहिली बघ.' त्या क्षणी बाप शिक्षक होतो आणि आपल्या वडिलांना किती येते, हे मुलाला प्रथमच अक्षरांत दिसते. शाळेत आम्ही जे वर्षभर सांगून जमत नाही, ते अशा एका संध्याकाळी जमण्याचा संभव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एकच सांगणे. दहावीच्या प्रात्यक्षिक वहीत 'कृती' हा शब्द आला की घाबरू नका. समोर तुमच्या धाकट्या भावाला बसलेला समजा. त्याने तुमचा प्रयोग पाहिलेला नाही, पण त्याला तो करायचा आहे. त्याच्या हातात पहिल्यांदा काय द्याल? मग काय सांगाल? कुठे तो चुकेल? तेवढे क्रमाने लिहा. भाषा साधी असली तरी चालेल. वाचून त्याला ते करता आले पाहिजे.

या सुट्टीत प्रत्येकाने घरातल्या दहापेक्षा कमी प्रकारच्या वस्तूंचे एक शिल्प करावे, त्याची कृती एका पानात लिहावी आणि ती शेजारच्या मुलाला देऊन स्वतः गप्प बसावे. शाळा उघडल्यावर दोन्ही शिल्पे घेऊन या. ती शेजारी शेजारी ठेवून आपण पाहू.